पीझ पार्कमधल्या अठरा बास्केट

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातून शोल क्रीक नावाचा ओढा वाहतो. एरवी घोटाभर पाण्याचा. पण आभाळ फाटलं की हाच ओढा रस्ता गिळतो. २४ मे १९८१ च्या रात्री ऑस्टिनमध्ये आलेल्या पुरात १३ माणसं गेली, आणि या ओढ्याकाठच्या लमार रस्त्यावर विक्रीसाठी लावलेल्या गाड्याही पाण्याबरोबर गेल्या. ओढ्याच्या काठाकाठाने पीझ पार्क पसरलं आहे. शहरातली ही सर्वांत जुनी सार्वजनिक बाग. टेक्सासचे माजी गव्हर्नर इलायशा पीझ आणि त्यांच्या पत्नी लुकाडिया यांनी १८७५ मध्ये ही जमीन शहराला देऊन टाकली. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस डिस्क गोल्फचा १८ होलचा कोर्स उभा राहिला आणि २०११ सरता सरता तो कायमचा काढला गेला. कोणी भांडून, मारामारी करून तो बंद पाडला नाही. कोर्स चालला नाही म्हणूनही गेला नाही. फार चालला, म्हणून गेला. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं वाटतं.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी हातात तबकडी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची; ती पडेल तिथून पुढचा थ्रो; आणि शेवटी खांबाला साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. एक टी आणि तिची बास्केट मिळून एक होल. सगळ्यात कमी थ्रोमध्ये फेरी पुरी करेल तो जिंकला. या खेळासाठी मुद्दाम आखलेला पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. तोही सार्वजनिक बागेतच, हे लक्षात ठेवा. तो आखणारे एड हेड्रिक हे आधी फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते. १९७६ मध्ये त्यांनी पीडीजीए ही खेळाडूंची संघटना काढली आणि साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट १९७७ मध्ये घेतलं. गृहस्थाचं खेळाचं वेड इतकं, की २००२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्क ओतल्या गेल्या. अस्थी गोदावरीत सोडणाऱ्या आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटेल, पण मला ते आवडलं.

हेड्रिक यांनी या खेळाचा जो साचा घालून दिला तो असा: जागा शहराची, बास्केट वर्गणीतून किंवा पालिकेच्या पैशातून, देखभाल खेळाडूंच्या श्रमदानातून आणि खेळ सर्वांना फुकट. गवत कापायला नको, पाणी द्यायला नको, कुंपण नको. खऱ्या गोल्फला जिथे माणसांचा अख्खा ताफा वर्षभर राबतो, तिथे इथे जमिनीत अठरा खांब रोवले की काम झालं. नगरपालिकांना हे फार आवडतं. पीझ पार्कमध्ये जे पुढे घडलं त्याचं मूळ या स्वस्ताईत आहे असं माझं मत आहे.

आता जागा कशी होती ते बघू. पीझ पार्क आणि त्याला लागून असलेला ओढ्याकाठचा हरित पट्टा मिळून ८४ एकर भरतात. आकडा मोठा वाटतो, पण पट्टी लांबट आणि अरुंद. एका अंगाला ओढा आणि त्यापलीकडे वाहता लमार रस्ता, दुसऱ्या अंगाला चढ आणि जुनी वस्ती. त्या पट्टीतच चालायचा-सायकलचा रस्ता, पिकनिकची टेबलं, व्हॉलीबॉल, लहान मुलांचं पाणी खेळायचं तळं आणि कुत्रे फिरवणारी मंडळी. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी इथे ईयोरचा वाढदिवस नावाचा एक मुलखावेगळा मेळा भरतो, तो १९७४ पासून याच बागेत. शिवाय टेक्सास विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. म्हणजे हजारो विद्यार्थी, ज्यांच्याकडे दुपार मोकळी, खिसा रिकामा आणि पाठीवरच्या सॅकमध्ये दोन डिस्क.

अशा सामायिक बागेत पहिला प्रश्न कायम एकच विचारला जातो: कोणाला लागलं तर? प्रश्न रास्त आहे. लहानपणी चौपाटीवर खेळलेली गुबगुबीत फ्रिस्बी इथे डोळ्यांसमोर आणू नका. लांब पल्ल्याची डिस्क, जिला ड्रायव्हर म्हणतात, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची, कडक प्लास्टिकची, आणि तिचा काठ हवा कापण्यासाठी निमुळता केलेला असतो. बरा खेळाडू ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सोडतो. चेंडूचा टप्पा तरी ऐकू येतो. डिस्क जवळजवळ आवाज न करता येते. आणि ती सरळ जात नाही. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली डिस्क वेग सरला की डावीकडे वळते. त्यामुळे टीवरून बघताना डाव्या हाताला पायवाट असली तर ती आखणी चुकीची, उजव्या हाताला असली तर जरा बरी. अर्थात नवशिक्याच्या हातून डिस्क उशिरा सुटली तर ती उजवीकडेही भरकटते, तेव्हा उजवी बाजूही निर्धास्त नाहीच.

नियम खेळाडूच्या विरुद्ध आणि पादचाऱ्याच्या बाजूने आहेत, आणि तसेच असायला हवेत. आपल्या थ्रोने कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तर थ्रो करायचाच नाही, असं पीडीजीएचे नियम सांगतात. समोर माणूस दिसला तर थांबायचं, हात दाखवून त्याला जाऊ द्यायचं. बहुतेक खेळाडू हे पाळतात. खरी अडचण दुसरीच असते. फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतची डिस्क उडायची वाट, हा फक्त खेळाडूला दिसतो. तिथे ना कापलेलं गवत, ना चुन्याची रेघ. बाबागाडी घेऊन झाडाखाली थांबलेल्या बाईला आपण कोणाच्या तरी फेअरवेवर उभ्या आहोत हे कळायला काही मार्गच नसतो. ऐंशी-नव्वद मीटरवर तीन पोरं उभी आहेत, एवढंच तिला दिसतं. आपल्याकडे शिवाजी पार्कवर एकात एक घुसलेले सामने चालतात आणि दुसऱ्याचा बॉल पायाशी आला की माणूस न बघता परत फेकतो, ते जमतं कारण तिथे उभा असलेला प्रत्येक जण आपण मैदानात आहोत हे जाणून असतो. बागेत फिरायला आलेल्या माणसाने असा कुठलाच करार केलेला नसतो.

तरीसुद्धा सुरक्षिततेचा हा प्रश्न पाट्या लावून, टीची दिशा फिरवून, पायवाट ओलांडणारे दोन-तीन होल बदलून बराचसा सुटतो. पीझ पार्कचा घात झाला तो पायाखाली. तिथली माती कोणी बघतच नव्हतं.

मी नोकरीनिमित्त ऑस्टिनमध्ये होतो तेव्हा संध्याकाळी या बागेत चालायला जायचो, कधी उसनी डिस्क घेऊन खेळायचोही. एक सीडर एल्मचं झाड अजून डोळ्यांसमोर आहे. एका टीपासून थोड्याच अंतरावर, नेमकं फेअरवेच्या तोंडाशी. ओढ्याकडच्या अंगाने बघितलं तर साधं, धडधाकट झाड. टीकडच्या अंगाला मात्र कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत खोड सोलून निघालेलं. आडव्या, बोटभर लांबीच्या खाचाच खाचा, काही जुन्या काळपट, काही ताज्या, आतलं फिकट लाकूड दाखवणाऱ्या. एका खाचेत निळ्या प्लास्टिकचा कपचा अडकलेला. खाली जमीन इतकी गुळगुळीत की झाडल्यासारखी. मुळं वर आलेली, आणि त्यांच्याही साली बुटांनी घासून चकाकत होत्या.

या दोन जखमा वेगवेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या तऱ्हेने मारतात. खोडाची जखम डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर बोललं जातं. एकेक घाव झाड सहज पचवतं, पण तेच झाड रोज शंभर डिस्कांच्या वाटेत असेल तर साल भरून यायला उसंतच मिळत नाही. मध्य टेक्सासमध्ये यात आणखी एक भर आहे. तिथे ओक विल्ट नावाचा बुरशीजन्य रोग ओकची झाडं मारतो. ताज्या जखमेतून पाझरणाऱ्या रसावर येणारे बारीक भुंगेरे तो या झाडावरून त्या झाडावर नेतात. म्हणून फेब्रुवारी ते जून ओकची छाटणी टाळा, आणि फांदी तुटलीच तर जखमेवर लगेच रंग लावा, असं तिथे घरोघर सांगितलं जातं. डिस्क काही महिने बघून लागत नाही. उलट टेक्सासमध्ये खेळायला सगळ्यात सुखाचे दिवस तेच, वसंतातले.

मुळांची जखम दिसत नाही आणि ती जास्त वाईट. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात त्यातून हवा आणि पाणी त्यांना मिळतं. त्या मातीवर माणसं चालत राहिली की पोकळ्या मिटतात. मग पाऊस आत मुरत नाही, वरून वाहून जातो, जाताना सैल माती ओढ्यात नेतो. गवत मरतं, गवत मेलं की धूप वाढते, धुपीने मुळं उघडी पडतात. शोल क्रीकसारख्या अचानक फुगणाऱ्या ओढ्याच्या काठावर हे घडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

डिस्क गोल्फमध्ये पावलं कुठे पडतात ते बघा. टीवर प्रत्येक जण उभा राहतो, धावतो, पाय गर्रकन फिरवतो. मग प्रत्येकाची डिस्क वेगळीकडे पडते, म्हणून मधल्या भागात माणसं पांगतात. आणि मग सगळे पुन्हा एकाच ठिकाणी येतात: बास्केटभोवती. समजा दिवसाला शंभर जण खेळले. पीझसारख्या फुकट, विद्यापीठाशेजारच्या कोर्सला हा आकडा जड नाही. म्हणजे प्रत्येक बास्केटभोवतीच्या पाच-सहा मीटरच्या वर्तुळात वर्षाला छत्तीस हजार माणसं येऊन घोटाळणार, बॅगा टेकवणार, पुढची टी कुठे म्हणून वळणार. आता ती बास्केट झाडाच्या बुंध्यालगत रोवली असेल, कारण झाडाआडून पट, म्हणजे बास्केटमधला शेवटचा जवळचा थ्रो, टाकण्यात मजा आहे, तर ते छत्तीस हजार जण नेमके मुळांवर उभे. खेळाची गोडी जिथे सगळ्यात जास्त, तिथेच झाडाचं मरण. आखणी करणाऱ्याने हे बघायचं असतं, आणि ज्या काळात पीझ पार्कचा कोर्स आखला गेला त्या काळात हे कोणी बघत नव्हतं.

खेळाडूंचा नेहमीचा तोडगा असतो, बास्केट फिरवत्या ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी जागा बदला, जुन्या जागेला विसावा मिळेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण जंगलवाटा आणि तंबूंच्या जागांवर वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्यांचं निरीक्षण वेगळं आहे. तुडवण्याचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जातं. नंतरची हजारो पावलं त्यात तुलनेने थोडीच भर घालतात. आणि भरून यायला मात्र नुकसान व्हायला लागला त्याच्या अनेकपट वेळ लागतो. म्हणजे जागा बदलत राहिलं तर एका उजाड वर्तुळाची तीन होतात आणि पहिलं काही लवकर हिरवं होत नाही. जिथे पाऊस भरपूर, जमीन खोल, गवत चिवट, तिथे फिरत्या बास्केट चालतील. चुनखडीवरच्या पातळ मातीत, टेक्सासच्या उन्हात, मला तरी ते पटत नाही. तिथे उलट करायला हवं: पावलं एका जागी गोळा करायची आणि ती जागा पक्की करायची. टीला काँक्रीट किंवा रबराचं जोतं, बास्केटभोवती लाकडाच्या चुऱ्याचा वीतभर जाड थर, टीपासून बास्केटपर्यंत आखलेली वाट, आणि बास्केट झाडाच्या फांद्यांच्या घेराबाहेर. यातलं सगळं खर्चाचं आहे. चुरा वर्षाला कुजतो, पुरात वाहून जातो, पुन्हा टाकावा लागतो. स्वस्त खेळ म्हणून जो आणला तो स्वस्त राहत नाही, आणि ते बिल कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतं.

२००८ मध्ये ट्रीज फॉर पीझ नावाने काही नागरिक एकत्र आले. नाव सांगतं तसं, झाडांसाठी. हीच मंडळी पुढे पीझ पार्क कॉन्झर्व्हन्सी झाली. बागेच्या दुर्दशेला कोर्स एकटा जबाबदार होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ईयोरच्या मेळ्याला एका दिवसात हजारो माणसं येतात, कुत्री आहेत, पूर आहेत, वर्षानुवर्षांची कमी देखभाल आहे. पण मेळा वर्षातून एकदा, आणि कोर्स रोज. त्यात २०११ उजाडलं. टेक्सासच्या इतिहासातलं एका वर्षापुरतं सर्वांत भीषण अवर्षण ते. ऑस्टिनमध्ये त्या वर्षी ९० दिवस पारा शंभर फॅरनहाइटला टेकला किंवा वर गेला. राज्याच्या वनखात्याच्या अंदाजाने त्या दुष्काळात टेक्सासभरातली सुमारे ३० कोटी झाडं गेली. निबर झालेल्या मातीत अर्धी मुळं गमावलेल्या झाडाला असं वर्ष म्हणजे शेवटचा धक्का. त्यानंतर पीझमधला कोर्स राहू द्या असं म्हणणं कोणालाही अवघड होतं.

शहराने कोर्स नुसता बंद केला नाही, बदली जागा दिली, ही या प्रकरणातली चांगली बाजू. पूर्व ऑस्टिनमध्ये कोलोरॅडो नदीकाठी रॉय जी. गरेरो पार्क आहे. तिथे १८ होलचा नवा कोर्स झाला आणि मग पीझच्या बास्केट निघाल्या. ज्यांच्याकडे गाडी होती, जे खेळाकडे गांभीर्याने बघत होते, त्यांचं नुकसान झालं नाही; झालाच तर फायदा, कारण जागा ऐसपैस. तुटला तो विद्यापीठातला पोरगा, जो दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात चालत येऊन नऊ होल टाकून परत वर्गात जायचा. त्याच्यासाठी गरेरो पार्क म्हणजे शहराचं दुसरं टोक. बदली जागा दिली असं कागदावर लिहिता येतं, पण खेळणारी माणसं तीच राहत नाहीत. हे मी शहराला दोष म्हणून सांगत नाही. मध्यवर्ती भागात तेवढी जागा नव्हतीच.

पीझ पार्कचं पुढे भलं झालं. २०१४ मध्ये बागेचा सर्वंकष आराखडा मंजूर झाला, एका धर्मादाय फाउंडेशनने ९७ लाख डॉलर दिले, आणि दक्षिणेकडचा किंग्सबरी कॉमन्स नावाचा भाग नव्याने घडवून २०२१ मध्ये लोकांना खुला झाला. ते काम चांगलं आहे. पण पैसा आणि माणसं उभी राहिली ती कोर्स गेल्यावर. त्याआधीच्या वीसेक वर्षांत या कोर्सवर रोज किती जण खेळतात हे मोजण्यासाठी एका खांबावर शे-दोनशे डॉलरचा मोजणी यंत्राचा डबा लावला असता, तर दहाव्या वर्षीच धोका आकड्यात दिसला असता. फी लावली असती तर मोजणी आपोआप झाली असती, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. मला तो मान्य नाही. फुकट असणं हा या खेळाचा प्राण आहे. पण फुकट गोष्टीची कोणी नोंद ठेवत नाही, आणि नोंद नसली की खेळाडू म्हणतात गर्दी कुठे आहे, आणि झाडवाले म्हणतात झुंडी येतात, आणि दोघांनाही आपापलं खरं वाटत राहतं.

कोर्स हलवला ते बरोबर झालं असं माझं मत आहे. मात्र सगळाच्या सगळा हलवायला हवा होता का, याबद्दल मी कॉन्झर्व्हन्सीवाल्यांपेक्षा वेगळा विचार करतो. अठराच्या नऊ करणं हे उत्तर नव्हतं. माणसं तेवढीच आली असती आणि नऊ वर्तुळं दुप्पट तुडवली गेली असती. पण पटर नावाची डिस्क असते, बोथट जाड काठाची, मंद उडणारी, जी सालीवर आपटून खाली पडते, साल कापत नाही. फक्त पटरने खेळायचे, तीस-चाळीस मीटरचे सहा होल, ओढ्यापासून आणि मोठ्या झाडांपासून दूर, पक्क्या टी आणि चुऱ्याच्या वर्तुळांसकट: एवढं त्या पट्टीत सहज मावलं असतं. बाबागाडीवाल्या बाईलाही पुढची बास्केट आणि फेकणारा दोन्ही एका नजरेत दिसले असते. पोरांची वर्गांमधली अर्ध्या तासाची भूकही भागली असती. असं काही खेळाडूंच्या बाजूने जोर लावून मागितलं गेलं असतं तर शहराला नाही म्हणणं जड गेलं असतं. पण अठराच्या खाली कोर्सच मानायचा नाही आणि ड्रायव्हर न काढता खेळणं म्हणजे पोरखेळ, ही डिस्क गोल्फवाल्यांची जुनी खोड, आणि तिच्याविरुद्ध बोलायला त्यांच्यातलाच कोणीतरी उभा राहावा लागला असता.